नोकरी सांभाळून छोट्या गावात चित्रं काढायची आहेत? सावंतवाडीहून काही पायऱ्या

लग्न होऊन मी सांगलीकडून सावंतवाडीला आले तेव्हा सामानात एक पत्र्याची पेटी होती. रंग, ब्रश आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेपासून जपलेली चित्रं. नव्या घराच्या गडबडीत पहिल्या पावसाळ्यात ती उघडलीच नाही. ऑक्टोबरात उघडली तेव्हा निम्म्या कागदांवर हिरवट ठिपके उठले होते आणि दोन ब्रशांचे केस कसरीने खाल्ले होते. मी पेटीशेजारी बसून रडले होते.

त्याला आता सोळा वर्षं झाली. दिवसा मी हिशेबाची नोकरी करते; चित्रं सकाळी, रविवारी आणि सुट्टीत. दर वर्षी गावात कोणी तरी नवं येतं. बदली होऊन आलेला बँकेतला मुलगा, मुंबईचं बिऱ्हाड हलवून गावच्या घरी परतलेलं जोडपं, नुकतंच एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) केलेली मुलगी. सगळ्यांचा प्रश्न एकच: इथे राहून चित्रं काढायची तर सुरुवात कुठून करू? त्यांना तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे. उदाहरणं सावंतवाडीची आहेत, तुमच्या गावाप्रमाणे ती बदलून घ्या.

पहिली पायरी: सामान कमी ठेवा, पण ते मांडलेलं असू द्या

स्वतंत्र खोली मिळेपर्यंत थांबू नका. खिडकीजवळचं एक टेबल पुरे, पण त्यावरचं सामान रोज आवरावं लागू नये. काम संपवून संध्याकाळी दमून आल्यावर पेटी काढा, कागद शोधा, पाणी आणा, एवढ्यातच इच्छा मरते. टेबलावर कागद ताणून ठेवलेला असेल तर माणूस दहा मिनिटं तरी बसतो.

जलरंगासाठी सुरुवातीला सहा ट्यूब घ्या: एक थंड आणि एक उबदार पिवळा, तसेच दोन लाल आणि दोन निळे. हिरवा विकत घेऊ नका. कोकणातला हिरवा एक नसतो. भाताच्या तरव्याचा वेगळा, काजूच्या कोवळ्या पानाचा वेगळा, शेवाळलेल्या चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) तर त्याहून वेगळा. तो आपला आपण मिसळायला शिकलात की अर्धं निसर्गचित्र जमलं. गोल ब्रश दोन, चपटा एक. कागद मात्र जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या आणि पूर्ण कागदाचे (२२ × ३० इंच) चार तुकडे करा. ११ × १५ इंचाचं चित्र एका बैठकीत होतं आणि पिशवीतही मावतं. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, कागदात नको. पातळ कागदावर पाणी पडलं की तो फुगतो, आणि नवशिक्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही.

दुसरी पायरी: वही घेऊन बाहेर बसा

मोती तलावाच्या काठावर सकाळी सातला बसा. समोर राजवाडा, मागे नरेंद्र डोंगर, पाण्यात दोघांची प्रतिबिंबं. महिनाभर तेवढंच काढलंत तरी संपणार नाही. मग बाजारात या, एसटी स्टँडवर या.

लोक भोवती जमतील. पहिले काही दिवस कानशिलं तापतात, हात थरथरतो. मला लागू पडलेला उपाय सांगते: पाठीला भिंत घ्या, म्हणजे मागून कोणी डोकावत नाही, आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर द्या. ‘हे कशाला काढताय?’ याला ‘शिकतेय’ एवढं उत्तर पुरतं. भाजीवालीचं चित्र काढायचं असेल तर आधी तिला विचारा, झाल्यावर दाखवा. चित्र पाहून कोण काय म्हणतं ते वहीतच लिहून ठेवा. माझ्या एका जुन्या वहीत आठवडा बाजारातल्या आजींचं वाक्य आहे: ‘टोपलीत वाल हत, तू मिरश्या काढलंस.’ इतकी नेमकी टीका मला नंतर क्वचितच मिळाली.

तिसरी पायरी: ज्यांच्या हातात आधीच कला आहे त्यांच्याकडे जा

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बाहेरून आलेले चित्रकार नेमकी हीच पायरी गाळतात. गावात आर्ट गॅलरी नाही म्हणजे गावात कला नाही, असं त्यांना वाटतं. मलाही वाटायचं.

सावंतवाडीत चितार आळी आहे. आळीचं नावच चिताऱ्यांवरून पडलेलं. तिथल्या दुकानांत लाकडी फळं, भाज्या, पाट, खेळणी मांडलेली असतात. खेळण्यांसाठी परंपरेने पांगाऱ्याचं लाकूड वापरत आले, कारण ते हलकं आणि मऊ. कारागिराच्या परवानगीने तासभर बसा आणि लाकडी आंब्याला रंग कसा चढतो तेवढंच बघा. देठाजवळचा हिरवा पिवळ्यात कसा विरतो आणि गालावरची लाली कुठे थांबते, हे मला तिथे कळलं.

राजवाड्यात गंजिफा पाहायला मिळतात. गोल पत्ते, हातांनी रंगवलेले. दशावतारी गंजिफेच्या एका संचात १२० पानं असतात: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहाची पानं. जुन्या पद्धतीत कापडाला चिंचोक्याची खळ देऊन, घोटून पान तयार करत. ही कला जवळपास थांबलेली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती जुन्या चिताऱ्यांकडून स्वतः शिकून पुन्हा उभी केली. एका छोट्या संस्थानी गावातल्या दोन माणसांनी मनावर घेतलं आणि आज तिथे तरुण मुलं पत्ते रंगवताना दिसतात. मला हे फार मोठं वाटतं.

कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे: रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं, एकेक पुढे धरत गाऊन सांगायची. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. त्यांच्या कुटुंबाने उभारलेल्या ठाकर आदिवासी कला आंगणात चित्रं, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या बघता येतात. जाताना वही न्या, पण आधी ऐका. चित्रकथीतले मोठे डोळे आणि बाजूने दिसणारे चेहरे असे का, ते कथा ऐकताना उमगतं. दिव्याच्या उजेडात, चार हातांवर बसलेल्या माणसाला दिसायला हवं ना!

आणि गणपतीची शाळा. कोकणात गावोगावी, वाडीवाडीत गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागा, असतात. मूर्तीसाठी घरोघरचे पाट शाळेत येऊन पडतात आणि त्या-त्या घराचा गणपती त्याच पाटावर घडतो. तिथे जाऊन ‘मला शिकवा’ म्हणण्यापेक्षा ‘काय काम करू?’ असं विचारा. मला पहिल्या वर्षी माती मळायला दिली, दुसऱ्या वर्षी मूर्तीवर पांढऱ्या रंगाचा हात द्यायला. पीतांबर रंगवायला मिळाला तो तिसऱ्या श्रावणात. डोळ्यांची आखणी मी अजून केलेली नाही. ती शाळेतले सर्वांत जाणते काका करतात, आणि तेव्हा शाळेत कोणी बोलत नाही. एकदा मी घाईने ब्रश उचलला तेव्हा ते म्हणाले, ‘आदी बघूक शिक गो बाय. बुरूस मगे.’ मी ब्रश खाली ठेवला आणि त्या दुपारी नुसती बघत बसले. एका श्वासात वरची पापणी, मग ब्रश धुणं, मग दुसरी.

चौथी पायरी: एक छोटा उपक्रम घ्या, ज्याला शेवट आहे

‘मी रोज चित्र काढीन’ हा संकल्प नोकरी करणाऱ्या माणसाला झेपत नाही. आकडा, आकार आणि तारीख आधी ठरवा. गंजिफा करणाऱ्याला माहीत असतं की पानं १२०, सगळी गोल, सगळी एका मापाची. उरतं ते फक्त रंगवणं. तसंच: ‘चतुर्थीपर्यंत बारा जुनी घरं, पोस्टकार्डाएवढी, नुसत्या शाईत.’ हे होतं.

मी केलेल्यांपैकी तीन सुचवते. एक, चिरेबंदी घरांची वही. जुनी घरं पाडून स्लॅबची होताहेत, त्यामुळे हे काम पुढे ढकलून चालणार नाही. दोन, दशावताराची, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याची, रेखाटनं. जत्रांच्या दिवसांत नाटक रात्रभर चालतं. रंगमंचापेक्षा त्यामागची जागा बघा: नट स्वतःच आरसा पुढे घेऊन तोंड रंगवत बसलेले असतात. नाटक मंडळीच्या मालकांची परवानगी घ्या, टॉर्च मारू नका, फोटोसाठी कुणाला मान वळवायला लावू नका. काळ्या कागदावर पांढरी पेन्सिल चांगली चालते.

तिसरं, दिवाळीची लिनोकटची (लिनोलियमवर ठसा कोरून छापलेली) शुभेच्छापत्रं. नवशिक्यांनी याच्यापासूनच सुरुवात करावी, कारण एका ठशातून पन्नास प्रती निघतात आणि पन्नास घरांत तुमचं काम पोचतं. कृती अशी. १० × १५ सेंटिमीटरचा लिनोचा तुकडा घ्या. चित्र आधी ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढा, मग कागद पालथा घालून लिनोवर घासा. अक्षरं असतील तर ती अशी आपोआप उलटी उतरतात. हे विसरलात तर ‘शुभ दीपावली’ आरशातली छापली जाईल. लिनो कडक असेल तर पाच मिनिटं उन्हात ठेवा, लोण्यासारखा कापला जातो. दुसरा हात कायम हत्याराच्या मागे हवा, पुढे कधीही नको. शाईसाठी महागड्या बाटल्या नकोत. गावातल्या छापखान्यातून ऑफसेटची काळी शाई डबीभर मागून आणा. काचेवर रोलरने इतकी पातळ पसरा की रोलर फिरवताना चरचर असा बारीक आवाज यावा. आवाज चिकट आला तर शाई जास्त आहे. कागद ठेवून लाकडी डावाच्या पाठीने मधून कडेकडे घासा. पन्नास प्रती हव्या असतील तर साठ कागद कापा. छापलेले कागद दोरीवर टांगून तीन-चार दिवस वाळू द्या. सामान आधी खोबरेल तेलाने पुसा, मग साबणाने धुवा.

पाचवी पायरी: पावसाशी तडजोड

सह्याद्रीच्या माथ्यावर, आंबोलीत, वर्षाला सरासरी ७००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि सावंतवाडी त्याच्या पायथ्याशी आहे. जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं. कागद बनवताना त्याला जी खळ दिलेली असते ती ओलीने खराब होते. मग रंग वर न राहता टीपकागदावर शाई फुटावी तसे डाग पडतात. असा कागद परत सुधारत नाही. म्हणून मेअखेरीस वर्षाचा कोरा कागद कडक उन्हात नव्हे, सावलीत वारा देऊन सुकवा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पावसात एका वेळी एकच ताव बाहेर काढा. पुड्या महिन्याने बदला. चित्रं नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आतली ओल आतच राहते. पत्र्याची पेटी जमिनीवर न ठेवता विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. चिऱ्याची भिंत पाणी ओढते.

फ्रेम करताना काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यातून हवा फिरते. माझी आठ चित्रं एकदा अशी बुचं न लावता फ्रेम होऊन आली. गौरी-गणपतीच्या आधी उतरवली तेव्हा आठांपैकी तीन काचेला चिकटली होती. तेव्हापासून फ्रेम घरी आली की पहिल्यांदा पाठ बघते.

जलरंग पावसात वाळत नाहीत ही तक्रार मी पूर्वी करायचे. आता त्या चार महिन्यांत मी ओल्यावर ओलं काम करते, म्हणजे ओल्या कागदावरच ओला रंग सोडते. ढग, दूरचे डोंगर, धुकं. कागद अर्धा तास ओला राहतो, मुंबईच्या चित्रकाराला ही चैन कुठून!

सहावी पायरी: रविवारचा गट

तीन माणसं पुरतात. जागा एक, वेळ एक, आणि कोणी आलं नाही तरी तुम्ही जायचं. आमचा गट पहिले सात रविवार मी आणि शाळेतले एक कलाशिक्षक एवढाच होता. आठव्या रविवारी त्यांचे दोन विद्यार्थी आले, एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या तयारीसाठी. मग मुलांच्या आया आल्या आणि त्यातल्या दोघी आता सर्वांत नियमित आहेत.

गावातल्या कलाशिक्षकांना आधी भेटा. त्यांच्याकडे मुलं असतात, शाळेच्या हॉलची किल्ली असते, आणि त्यांची स्वतःची चित्रं मात्र अनेकदा वर्षानुवर्षं कपाटात पडून असतात. त्यांच्यानंतर पेंटरना शोधा. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागची अक्षरं रंगवणारे हे लोक फ्लेक्स आल्यावर कामाविना झाले. चपट्या ब्रशने ‘श्री’ची वेलांटी एका फटक्यात कशी फिरते, हे त्यांच्याशिवाय तुम्हाला कोण दाखवणार? आमच्याकडचे पेंटर अण्णा पहिल्यांदा आले तेव्हा लांब उभे राहिले, ‘तुम्ही आर्टिस्ट लोक’ म्हणाले. आज आमची मुलं अक्षरं त्यांच्याकडून शिकतात.

नियम थोडेच ठेवा. शेवटच्या अर्ध्या तासात सगळ्यांच्या वह्या जमिनीवर उघड्या. दुसऱ्याच्या चित्राबद्दल बोलायचं तर आधी त्यात काय दिसतंय ते सांगायचं, मग सूचना. ‘छान’ हा शब्द आम्ही बंद केला, त्याने कोणाचंच काही सुधारत नाही. वर्गणी नको, अध्यक्ष तर नकोच. व्हॉट्सॲपचा गट फक्त जागा आणि वेळ कळवायला. एकदा त्यावर सुप्रभात सुरू झालं की चित्रं संपतात.

सातवी पायरी: दाखवा, आणि पैशाचं नीट बोला

पहिलं प्रदर्शन गावातच करा. वाचनालयाचा हॉल, शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप चालेल. सुतळी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं लावा. वेळ मात्र चाकरमानी गावाला येतात ती धरा: मे महिना किंवा गणपती. मुंबईत राहणाऱ्या माणसाला आपल्या आळीचं चित्र भिंतीवर हवं असतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

किंमत चिठ्ठीवर लिहून लावा, तोंडी सांगू नका. तोंडी सांगताना आपण ओळखीच्या माणसासमोर ती निम्मी करतो. सामान, फ्रेम आणि लागलेले तास यांचा हिशेब मांडून आकडा काढा आणि सगळ्यांना तोच सांगा. भेट द्यायची असेल तर पूर्ण भेट द्या.

कोणी सांगून काम करून घेत असेल तर निम्मी रक्कम आधी आणि चार ओळींचा लेखी करार. मी एका ठिकाणी चाळीस फुटांची भिंत रंगवून दिली होती, तोंडी शब्दावर. पुढच्या वर्षी त्यांनी ती पांढरी केली आणि राहिलेले पैसेही आले नाहीत. कायद्याची एक गोष्ट पक्की माहीत असू द्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही आपणहून काढलेलं चित्र विकलंत तरी त्याचा कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, तुम्ही तो लेखी दिल्याशिवाय जात नाही. पण कोणी मोबदला देऊन तुमच्याकडून चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा कॉपीराइट त्या काढून घेणाऱ्याचा होतो. म्हणून कॅलेंडर, पिशव्या, टी-शर्ट यांवर तेच चित्र तुम्हाला छापायचं असेल तर ते आधीच लिहून घ्या.

आठवी पायरी: गावाबाहेर

बाहेर जाच. चित्रकार सा. ल. हळदणकर १८८२ साली याच सावंतवाडीत जन्मले, मुंबईला गेले, आणि दिव्याच्या उजेडात उभ्या मुलीचं त्यांचं जलरंगचित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये लोक रांगेने बघतात. बॉम्बे आर्ट सोसायटी (१८८८) आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया (१९१८) यांच्या वार्षिक प्रदर्शनांसाठी चित्रं पाठवा. कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शनही आहे. निवड झाली नाही तरी तारखेसाठी तीन पूर्ण चित्रं होतात. आपल्याला गोवा जवळ आहे: पणजीतलं सुनापरान्त हे कलाकेंद्र, पिळर्णचं म्युझियम ऑफ गोवा. गट घेऊन सकाळी निघालात तर दोन्ही बघून रात्री घरी.

वर्ष कसं लावायचं

दिवाळीपूर्वी लिनो छापा. दिवाळीनंतर दशावतार आणि जत्रा, म्हणून रात्रीची रेखाटनं. जानेवारी ते मार्च हवा कोरडी, मोठी जलरंगचित्रं तेव्हाच. मेमध्ये प्रदर्शन, आणि महिनाअखेरीस कागद डब्यात. जूनमध्ये ओल्यावर ओलं. गणपतीच्या शाळेत जायचं असेल तर आषाढातच जाऊन विचारा. नागपंचमीनंतर तिथे कोणाला बोलायला सवड नसते. तेव्हा नुसतं कोपऱ्यात बसायला मिळालं तरी बसा, आणि जाताना स्वतःचं फडकं घेऊन जा.